अंगात ताकद असूनही स्नॅच का जमत नाही : तालमीतून आलेल्या नवशिक्यासाठी सविस्तर उत्तर

तासगावजवळच्या एका गावातील 23 वर्षांच्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणापासून तो तालमीत कुस्ती करत होता. कॉलेजमुळे कुस्ती सुटली आणि गेली दोन वर्षे तो गावातल्या जिममध्ये व्यायाम करतो. त्याचा स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन मारलेली बैठक) 120 किलोचा आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे) 150 किलोचा आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याने वेटलिफ्टिंग सुरू केले. त्याचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यांवर आणि मग तिथून डोक्यावर घेणे) 75 किलोपर्यंत पोहोचला, पण स्नॅच (बार जमिनीवरून एकाच हालचालीत डोक्यावर घेणे) 40 किलोवर अडकला. बार दर वेळी पुढे पडतो आणि सरावानंतर कंबर दुखते. गावात कोच नाही, तेव्हा सुरुवात कुठून करावी, वजन किती ठेवावे आणि कंबर का दुखते, असे त्याने विचारले आहे. त्याच्या आठवीतल्या बहिणीलाही हा खेळ शिकायचा आहे, परंतु वजन उचलल्याने उंची खुंटेल म्हणून घरचे नको म्हणतात, हा प्रश्नाचा शेवटचा भाग आहे.

तुमच्या आकड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण अडचण कुठे आहे ते त्यांतच दिसते. तुमचा स्नॅच तुमच्या क्लीन अँड जर्कच्या जेमतेम निम्मा आहे. तंत्र बसलेल्या खेळाडूचा स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या साधारण 80 टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्याचा स्नॅच 113 आणि क्लीन अँड जर्क 135 किलोचा होता. सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली कांस्यपदक जिंकणाऱ्या कर्णम मल्लेश्वरीने 110 आणि 130 किलो उचलले होते. टोकियोत रौप्यपदक मिळवणाऱ्या मीराबाई चानूचे आकडे 87 आणि 115 होते. तिचा क्लीन अँड जर्क असामान्य असल्यामुळे हे प्रमाण थोडे खाली येते, तरीही ते 75 टक्क्यांच्या पुढेच आहे. तुमच्या बाबतीत 75 किलोवर 40 याचा अर्थ ताकद भरपूर आहे आणि ती स्नॅचमध्ये उतरत नाही, असा होतो. त्यामुळे आणखी ताकद वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो.

क्लीनमध्ये बार खांद्यांपर्यंतच आणायचा असतो, त्यामुळे पाठीने आणि दंडांनी ओढून मजबूत माणूस बराच पल्ला गाठू शकतो. स्नॅचमध्ये बार एकाच हालचालीत जमिनीवरून डोक्यावर, तोही ताठ हातांवर घ्यायचा असतो, आणि रुंद पकडीत दंडांची ओढ फारशी उपयोगी पडत नाही. नवशिक्याला वाटते की बार डोक्यापर्यंत ओढून मग वर ढकलायचा आहे. प्रत्यक्षात चांगला खेळाडू जड बार साधारण छातीच्या पातळीपर्यंत येईल एवढाच वेग त्याला देतो, आणि बार वर चढत असतानाच स्वतः त्याच्या खाली बसतो. बार डोक्यावर येतो तो बराचसा खेळाडू खाली गेल्यामुळे. ही एक गोष्ट शरीराला पटली की निम्मे शिक्षण झाले, आणि ती पटवणे हेच सुरुवातीच्या काही महिन्यांचे खरे काम आहे.

या खेळात एके काळी प्रेस हा तिसरा प्रकार होता. खांद्यावर घेतलेला बार निव्वळ हातांनी वर ढकलायचा, असा तो प्रकार. खेळाडू पाठ मागे वाकवून त्याला भलतेच रूप देऊ लागले, पंचांना निर्णय देणे कठीण झाले आणि 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो वगळण्यात आला. आज उरलेल्या दोन्ही प्रकारांत डोक्यावर आलेला बार हाताने ढकलून सरळ केला तर पंच लाल दिवा देऊन लिफ्ट बाद करतात. म्हणजे दंडाच्या जोरावर लिफ्ट पुरी करण्याची सोय नियमांनीच ठेवलेली नाही.

तालमीतून आलेल्या मुलांना शिकवताना मला काही गोष्टी वारंवार दिसतात, आणि तुमच्यातही त्या असणार असे गृहीत धरून लिहितो. कुस्तीगिराचे पाय, मान, कंबर आणि पकड उत्तम असते, आणि पडण्याची भीती नसते, हा मोठा फायदा आहे. परंतु त्याला खेचण्याची जी सवय असते ती कोपरे वाकवून, समोरच्याला छातीशी घेऊन खेचण्याची असते. स्नॅचमध्ये हात शेवटच्या क्षणापर्यंत दोरासारखे सरळ राहिले पाहिजेत. दुसरी गोष्ट बैठकांची. तालमीतली बैठक चवड्यांवर, टाचा उचलून मारली जाते, आणि हजारो बैठका मारलेल्या माणसाचे शरीर खाली जाताना आपोआप चवड्यांवर जाते. वेटलिफ्टिंगमध्ये बसताना पूर्ण तळपाय जमिनीवर टेकलेला हवा. तुमचा बार पुढे पडण्याचे एक कारण मला इथेच दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे कुस्तीच्या पवित्र्यामुळे खांदे पुढे आलेले आणि पाठीचा वरचा भाग गोलावलेला असतो, त्यामुळे बार डोक्याच्या मागच्या रेषेत स्थिर धरणे जड जाते. या तिन्ही गोष्टी सुधारतात, मात्र वजन वाढवत राहिलात तर सुधारत नाहीत.

आता सुरुवात. पुढचे दोन ते तीन आठवडे जमिनीवरून स्नॅच पूर्ण बंद ठेवा आणि शिकणे वरून खाली न्या. साधी लाकडी काठी किंवा पीव्हीसी पाइप घ्या. ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि काठी जांघेच्या घडीत, म्हणजे पाय किंचित उचलल्यावर जिथे घडी पडते तिथे टेकेल इतके हात पसरा. ही तुमची स्नॅचची पकड. काठी डोक्यावर न्या, कोपरे पूर्ण सरळ करा, खांदे कानांकडे उचला आणि काठी मानेच्या मागच्या बाजूच्या बरोबर वर ठेवा. बाजूने पाहिले तर काठी, खांदा, कंबर आणि तळपायाचा मध्य एका उभ्या रेषेत आले पाहिजेत. याच स्थितीत टाचा न उचलता शक्य तितके खाली बसा. बहुतेकांची काठी पहिल्यांदा कपाळाच्या पुढे येते किंवा टाचा उचलल्या जातात. टाचा उचलत असतील तर सरावापुरती टाचेखाली पातळ फळी घ्या आणि घोट्याचे ताण रोज द्या. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच याच कारणासाठी साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि न दबणारी असते. धावण्याच्या मऊ बुटांत हा सराव करू नका, कारण खाली बसताना तो मऊ तळ दबतो आणि तोल जातो.

काठी घेऊन बसता आले की तोच व्यायाम रिकाम्या बारवर करा, आणि त्यानंतर ताठ उभ्या स्थितीतून, पायांनी जोर न देता, काठी छातीजवळून वर घेत थेट खाली बसण्याचा सराव करा. ओढायला काहीच अंतर नसल्यामुळे इथे खाली जाण्यावाचून पर्याय राहत नाही. ताकदवान मुलांना हा व्यायाम अजिबात आवडत नाही, कारण त्यात त्यांची ताकद निरुपयोगी ठरते. माझ्या मते तुमच्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पाय किती झटकन सरकले आणि पूर्ण तळव्यांवर एकदम टेकले का, याकडे लक्ष द्या.

त्यानंतर हँग स्नॅच, म्हणजे मांडीच्या मध्यापासून केलेला स्नॅच. गुडघे थोडे वाकलेले, कंबर मागे, पाठ सपाट, खांदे बारच्या किंचित पुढे आणि बार मांडीला चिकटलेला, अशी स्थिती घ्या. इथून पायांनी जमीन खाली ढकलत ताठ व्हायचे आहे. बार मांडीवरून घासत जांघेच्या घडीत येतो, तिथे त्याचा स्पर्श होतो, त्याच क्षणी खांदे वर उचलले जातात आणि लगेच खाली बसायचे असते. नेमक्या या स्पर्शात नवशिक्यांची गफलत होते. व्हिडिओत बार कमरेला लागताना दिसतो, म्हणून ते कमरेने बारला धक्का मारतात. धक्का बसला की बार पुढे उडतो आणि मोठा वळसा घेऊन येतो. मग त्याच्या मागे खेळाडू पुढे उडी मारतो, किंवा बार समोर टाकून देतो. बार आपणहून कमरेपाशी आला पाहिजे, आणि त्यासाठी काखेखालचे स्नायू घट्ट ठेवून बार सतत अंगाकडे ओढून धरावा लागतो.

याची खात्री करण्याची एक सोपी पद्धत मी सर्व नवीन मुलांना करायला लावतो. गडद रंगाची पँट आणि टी-शर्ट घाला, बारच्या मधल्या भागाला मॅग्नेशियमची पावडर (पकड घसरू नये म्हणून हाताला लावतात ती पांढरी पावडर) चोळा आणि तीन हँग स्नॅच करा. मग कपडे पाहा. मांडीवर खालून वर जाणारा पांढरा फिकट पट्टा आणि जांघेच्या घडीत एक आडवी ठळक रेघ दिसली, तर बार जवळून आला. मांडी कोरी आणि रेघ तेवढी जाड असेल, तर बार लांबून येऊन आदळला. रेघ घडीच्या बरीच खाली मांडीवर असेल, तर तुम्ही घाई करून लवकर उडी घेतली, किंवा पकड अरुंद आहे. त्याच वेळी सुरुवातीच्या स्थितीत पावलांभोवती जमिनीवर खडूने बाह्यरेषा काढून ठेवा. लिफ्टनंतर पावले त्या रेषांच्या पुढे पडली तर बार पुढे गेला होता. पावले जागेवर किंवा किंचित मागे, आणि थोडी रुंद पडली तर ठीक. कोच नसताना या दोन खुणा खोटे बोलत नाहीत, आणि त्यांना मोबाईलही लागत नाही.

जमिनीवरून उचलण्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या जिममधील साहित्याबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण तालुक्याच्या जिममध्ये असणारे साहित्य बहुधा या खेळासाठी बनवलेले नसते. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, म्हणून बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. लोखंडी 10 किलोची प्लेट लावली की बार त्याहून बराच खाली जातो, तुम्हाला कमरेतून जास्त वाकावे लागते आणि पाठ गोल होते. तुमच्या कंबरदुखीचे एक कारण हेच असू शकते. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली मजबूत लाकडी ठोकळे किंवा आडव्या प्लेट रचून बार त्या उंचीवर आणा. मोजपट्टीने एकदा मोजून घ्या, अंदाजाने ठेवू नका. बार तपासताना त्याची टोके हाताने फिरवून पाहा. प्लेट चढवण्याचा भाग मोकळा फिरत नसेल, तर लिफ्टच्या वेळी प्लेटचा पीळ थेट मनगटांवर आणि कोपरांवर येतो. अशा बारवर क्लीन आणि स्नॅच करू नका. पुरुषांचा प्रमाण बार 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा असतो, स्त्रियांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा. प्लेट सरकू नयेत म्हणून लावायची कडी, म्हणजे कॉलर, नेहमी लावा.

जमिनीवरून बार उठवताना सर्वांत कठीण गोष्ट संयमाची आहे. बार तळपायाच्या मध्यावर, नडगीच्या अगदी जवळ असावा, पाठ सपाट, हात सरळ, आणि खांदे बारच्या बरोबर वर किंवा थोडे पुढे. उठताना खांदे आणि कंबर एकाच वेळी, एकाच वेगाने वर आले पाहिजेत आणि गुडघे मागे सरकून बारला वाट दिली पाहिजे. डेडलिफ्टची सवय असलेली माणसे बारला झटका देऊन उठवतात. कंबर आधी वर जाते, छाती खाली राहते, आणि मग सगळा भार कमरेच्या खालच्या भागावर येतो. तुमचा डेडलिफ्ट 150 किलोचा असताना 40 किलोच्या स्नॅचने कंबर दुखते, ती बहुधा वजनाने नव्हे तर या झटक्याने आणि बार अंगापासून लांब गेल्याने दुखते. गुडघ्यापर्यंत बार सावकाश आणा. वेग गुडघ्याच्या वर आल्यावर वाढवा. बार गुडघ्यापुढून गेल्यावर गुडघे पुन्हा थोडे पुढे येतात, आणि व्हिडिओ पाहून अनेकजण ही हालचाल मुद्दाम करायला जातात. ती मुद्दाम करू नका. बार जवळ ठेवून शरीर उभे होत गेले की ती आपसूक घडते, आणि मुद्दाम केली की खांदे लवकर मागे जातात.

दुखणे पाठीच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत असेल आणि दोन दिवसांत जात असेल, तर वजन उतरवून वरील सुधारणा करा. दुखणे पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, किंवा खोकताना कळ येत असेल, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मिरज आणि सांगली दोन्हीकडे चांगले डॉक्टर आहेत, आणि त्यात टाळाटाळ करण्यासारखे काही नाही. बेल्ट बांधून दुखणे दाबू नका. सुरुवातीचे सहा महिने तुम्हाला बेल्टची गरजच पडू नये.

पकड हुक ग्रिपचीच शिका. अंगठा बारभोवती आधी गुंडाळायचा आणि पहिली दोन बोटे त्याच्यावरून आवळायची. पहिले दोन-तीन आठवडे अंगठा चांगलाच दुखतो, त्यावर पट्टी गुंडाळली तरी चालते. या पकडीचा खरा फायदा बार निसटत नाही एवढाच नाही. मूठ आवळावी लागत नसल्याने कोपरे सैल राहतात आणि हात लवकर वाकत नाहीत. कुस्तीची पोलादी मूठ असलेल्यांना मी म्हणूनच हुक ग्रिप सक्तीने शिकवतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तळहात घामाने ओले होतात, त्या दिवसांत सराव पहाटे ठेवा आणि पावडर जवळ बाळगा.

बार टाकायला शिकल्याशिवाय बार उचलायला शिकू नका. स्नॅच पुढे गेला तर हात सरळ ठेवून बार पुढे सोडा आणि स्वतः मागे सरका. मागे गेला तर बार मागे सोडून पुढे उडी घ्या. क्लीनमध्ये खाली अडकलात तर कोपरे गुडघ्यांना न लावता बार पुढे ढकलून मागे व्हा. कोपर गुडघ्याला टेकले तर स्पर्धेत लिफ्ट बाद होतेच, शिवाय मनगटाला गंभीर इजा होऊ शकते. हे सर्व रिकाम्या बारने मुद्दाम करून सवय लावा. जिममध्ये बेंच प्रेसच्या वेळी मित्र मागे उभा राहून बारला हात लावतो, तसे इथे कोणालाही जवळ उभे करू नका. वेटलिफ्टिंगमध्ये मदतीला धावणारा माणूस स्वतः जखमी होतो आणि खेळाडूची सुटकेची वाटही अडवतो. लोखंडी प्लेट आणि फरशी असेल तर बार टाकता येत नाही, त्यामुळे रबरी प्लेट आणि जाड रबरी मॅटची सोय होईपर्यंत वजन हाताने अलगद खाली ठेवता येईल इतकेच ठेवा.

क्लीन अँड जर्कबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुमची तिथे तेवढी अडचण नाही. क्लीनमध्ये बार हातांवर नव्हे तर खांद्यांच्या पुढच्या मांसल भागावर विसावतो, कोपरे समोर उंच असतात आणि बोटे बारखाली नुसती अडकलेली असतात. तसे होत नसेल तर रॅकवर बार ठेवून रोज काही मिनिटे कोपरे वर ढकलण्याचा ताण घ्या, आणि बॅक स्क्वॉटच्या (बार मानेमागे) बरोबरीने फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांच्या पुढच्या भागावर) सुरू करा. जर्कमध्ये सुरुवातीची छोटी बैठक सरळ खाली आणि पूर्ण तळपायावर व्हायला हवी. छाती जराही पुढे झुकली की बार पुढेच जाणार. एक पाय पुढे आणि एक मागे फाकवून बारखाली गेल्यावर पुढच्या पायाची नडगी उभी, मागचा गुडघा थोडा वाकलेला आणि मागची टाच उचललेली असावी. उठताना आधी पुढचा पाय मागे घ्या, मग मागचा पाय पुढे आणा. जर्कमध्ये कोपरे एकाच वेळी आणि पूर्णपणे लॉक होणे किती महत्त्वाचे आहे हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. बर्मिंगहॅममध्ये संकेतला 139 किलोच्या प्रयत्नात कोपराची दुखापत झाली आणि एकूण 248 किलोवर थांबल्याने सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. सर्वोच्च पातळीवर, पूर्ण तयारीच्या खेळाडूलाही ही जोखीम असते. नवशिक्याने ती सरावात ओढवून घेण्याचे काहीच कारण नाही.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तासभर पुरेसे आहे. आधी स्नॅच, मग क्लीन अँड जर्क, शेवटी स्क्वॉट आणि पाठीचे व्यायाम. थकलेल्या अंगाने स्नॅच शिकता येत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका. जिममधली दहा-बारा रेप्सची सवय इथे सोडावी लागेल. एका सेटमध्ये दोन किंवा तीन लिफ्ट, मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती, आणि असे सहा-आठ सेट करा. चौथ्या-पाचव्या लिफ्टला तंत्र ढासळते आणि शरीर नेमके तेच ढासळलेले तंत्र लक्षात ठेवते. वजनाचे विचाराल, तर काठीनंतर रिकामा बार, आणि एका सरावात सलग तीन सेट मनासारखे झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो. 25 ते 35 किलोंच्या दरम्यान तुम्हाला बराच काळ राहावे लागेल. फार हलक्या बारवरही कायम राहू नका, कारण रिकामा बार तुम्ही दंडांनी कसाही डोक्यावर नेऊ शकता आणि चूक झाकली जाते. वजन इतके हवे की हाताने ओढून जमणार नाही, आणि इतके कमी हवे की खाली बसायची भीती वाटणार नाही. तुमच्या ताकदीकडे पाहता ते 30 किलोच्या आसपास असावे असा माझा अंदाज आहे. या काळात 150 चा डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, स्नॅचच्या दिवसापासून दूर ठेवा.

मोबाईलचा उपयोग व्हिडिओ पाहण्यापेक्षा स्वतःचा व्हिडिओ काढण्यासाठी करा. मोबाईल बरोबर बाजूला, कमरेच्या उंचीवर, तीन-चार मीटर अंतरावर स्थिर ठेवा, म्हणजे प्लेट आणि तुम्ही पूर्ण दिसाल. समोरून किंवा तिरपा काढलेला व्हिडिओ छान दिसतो, पण बारची वाट त्यातून कळत नाही. संथ गतीने पाहताना एका दिवशी एकच गोष्ट तपासा : आज फक्त कोपरे, उद्या फक्त टाचा. एकाच लिफ्टमध्ये पाच चुका सुधारायला गेलेला माणूस एकही सुधारत नाही.

बहिणीच्या बाबतीत घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु योग्य देखरेखीखाली वजनाचा व्यायाम केल्याने उंची खुंटते याला वैद्यकीय आधार नाही. जगभर या खेळात युवा गट 13 वर्षांपासून सुरू होतो. धोका असतो तो देखरेखीशिवाय, वयाला न झेपणारे वजन घाईने उचलण्यात, आणि तो कोणत्याही वयात असतो. आठवीतली मुलगी काठी आणि हलका बार घेऊन तंत्र शिकण्यासाठी अगदी योग्य वयात आहे. तिच्या अंगात अजून तुमच्याएवढी ताकद नाही, म्हणून ती बारखाली जायला तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. घरच्यांना उदाहरण हवे असेल तर ते याच जिल्ह्यातले आहे : संकेतची बहीण काजोल सरगरने 2022 मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात सुवर्णपदक जिंकले. या भावंडांच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी आणि चहाचा गाडा होता, त्यामुळे हा खेळ पैसेवाल्यांचा आहे, हा गैरसमजही दूर व्हावा. मात्र बहिणीला तुम्ही स्वतः शिकवू नका. तुमचे तंत्र अजून बसलेले नाही, आणि मुलांना पहिल्या सहा महिन्यांत लागलेली सवय पुढे मोडणे फार कष्टाचे असते. तिला थेट कोचकडे न्या.

तुम्हालाही कोचची गरज आहेच. तासगावहून सांगलीला यायला एसटीने तासाभराच्या आतबाहेर लागते, आणि सांगलीत वेटलिफ्टिंग शिकवणाऱ्या व्यायामशाळा आहेत. रोज येणे जमणार नाही हे मी समजू शकतो. पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो शनिवारी किंवा रविवारी या, आणि उरलेले दिवस गावात सराव करा. तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी आपला सर्वांत जड आकडा दाखवण्याचा मोह आवरा. कोणताही जाणता कोच तुम्हाला आधी काठी हातात देऊन बसायला सांगेल. जिममध्ये कुणी ताकदीसाठी खायची पावडर किंवा गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नका. अनेक पूरक पावडरींमध्ये बंदी असलेले घटक निघतात, आणि स्पर्धेत उतरल्यावर त्याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूचीच असते. भाकरी, कडधान्ये, दूध, अंडी आणि पुरेशी झोप एवढ्यावर तुमची पहिली दोन वर्षे उत्तम जातील.

येताना बाजूने काढलेले तीन व्हिडिओ सोबत आणा : एक काठीच्या ओव्हरहेड स्क्वॉटचा (काठी डोक्यावर धरून खाली बसण्याचा), एक 30 किलोच्या हँग स्नॅचचा आणि एक ठोकळ्यांवरून केलेल्या 30 किलोच्या स्नॅचचा. व्हिडिओ काढताना बारला मॅग्नेशियमची पावडर लावलेली असू द्या. बार पुढे जाण्याचे मूळ टाचेत आहे, कमरेच्या धक्क्यात आहे की जमिनीवरच्या झटक्यात, हे या तीन व्हिडिओंची तुलना केली की कोचला बऱ्यापैकी कळेल, आणि मग एकाच दुरुस्तीवर पंधरा दिवस काम करता येईल.